देवबागला आठ खोल्या बांधाव्यात का? पर्यटन जिल्ह्याचे धोरण आणि धंद्याचा हिशेब

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. मालवण तालुक्यातील देवबागला आपल्या वडिलोपार्जित घराला लागून माडांची सुमारे 20 गुंठे बाग आहे, घरात आई-वडील राहतात, आपण पुण्यात नोकरी करता आणि 70 लाखांचे कर्ज काढून बागेत आठ खोल्यांचे रिसॉर्ट उभारण्याचा आपला विचार आहे. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे, विमानतळ झाला, सिंधुदुर्ग किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला, मे महिन्यात तारकर्लीला गाडी उभी करायला जागा मिळत नाही, आणि तरीही आपल्या ओळखीतले दोन रिसॉर्टवाले जागा विकायला निघाले आहेत. तेव्हा दोष धोरणाचा की चालवणाऱ्यांचा, आणि अशा परिस्थितीत या धंद्यात पडावे की नाही, असे आपण विचारले आहे.

मी वेंगुर्ल्याजवळ लहानसे निवास चालवतो आणि या पट्ट्यातील इतरांच्या प्रकल्पांचे कागद व हिशेब पाहतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे. निर्णय आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. आठ खोल्या आज बांधू नयेत. असलेल्या घरातल्या तीन खोल्या नीट करून दोन हंगाम चालवून पाहाव्यात. आपल्या जमिनीचा गट नेमका कुठे येतो, सातबारावर किती नावे आहेत आणि घरात रोजचे पाहणारे कोण आहे यावर पुष्कळ अवलंबून आहे, त्यामुळे हे उत्तर प्रत्येकाला लागू पडेल असे नाही.

आपण दोष कोणाचा असे विचारता, पण खरी अडचण त्याच्या अलीकडे आहे. आपल्याकडचे धोरण गुंतवणूक मोजते. राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत 1 लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचे आणि 18 लाख रोजगारांचे उद्दिष्ट आहे, सवलतीही प्रामुख्याने नव्या भांडवलाला बांधलेल्या आहेत. मालवणातल्या निवासवाल्याचा धंदा मात्र वर्षातल्या किती रात्री खोली भरली, त्याच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात गोडे राहिले का आणि किनाऱ्यावर त्या दिवशी होड्या सुटल्या का, यांवर चालतो. या तिन्हींपैकी एकही गोष्ट अनुदानाने सुटत नाही, आणि पहिली तर अनुदानाने बिघडते, कारण खोल्या वाढतात आणि रात्री तेवढ्याच राहतात.

रात्रींचाच हिशेब आधी करू. आपला हंगाम दिवाळीपासून धरला जातो. दिवाळीची सुटी, नाताळ ते 31 डिसेंबर, मधले शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्या, आणि मग एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतची खरी गर्दी. 26 मेच्या सुमारास प्रवासी होड्या व जलक्रीडा बंद होतात, त्या साधारणपणे 31 ऑगस्टपर्यंत बंद असतात. किल्ल्यात जाणारी होडीही त्यात आली. गणपतीला गाव भरतो, पण तो चाकरमान्यांनी. ते स्वतःच्या घरी उतरतात, आपल्या खोलीत नाही. शिमग्याचेही तेच. मधल्या वारी, म्हणजे सोमवार ते गुरुवार, जानेवारी-फेब्रुवारीत हवा सर्वांत चांगली असूनही खोल्या रिकाम्या असतात, कारण आपला पाहुणा हा मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव या भागांतला, मुलांच्या शाळेला बांधलेला कुटुंबवत्सल माणूस आहे.

आता आपल्या आठ खोल्या यात बसवून पाहा. समजा वर्षात 110 रात्री पूर्ण भरल्या, जे नव्या जागेसाठी मी आशावादी मानतो. 880 खोली-रात्री झाल्या. सरासरी दर 2500 रुपये धरला तर 22 लाख. मे महिन्यात आपण 4000 घ्याल, पण जानेवारीतल्या मंगळवारी 1500 लाही देणे भाग पडते, म्हणून सरासरी त्याहून वर धरू नये. निम्मी नोंदणी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून आली आणि 18 टक्के कमिशन गेले तर जवळपास 2 लाख कमी झाले. पगार, वीज, कपडेधुलाई, दुरुस्ती, रंगकाम, विमा धरून 11 लाख खर्च. उरले 9 लाख. 70 लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला साधारण 94 हजार, वर्षाचे 11 लाखांच्या वर. म्हणजे चांगल्या वर्षीही सव्वादोन लाखांच्या वर पगारातून घालावे लागतील, आणि एखादे वादळ मे महिन्यात आले किंवा एखादी दुर्घटना घडून जलक्रीडा हंगामातच थांबवल्या गेल्या की तो आकडा दुप्पट-तिप्पट होईल. आपल्या ओळखीतले जे विकायला निघाले आहेत त्यांची वही मी पाहिलेली नाही, परंतु असे बहुतेक लोक आळशी किंवा अडाणी नसतात. त्यांनी बारमाही धंद्याचे कर्ज शंभर दिवसांच्या धंद्यावर काढलेले असते.

खर्चाच्या बाजूला एक गोष्ट पुण्यात बसून लक्षात येत नाही, ती म्हणजे बंद खोलीचा खर्च. जून ते सप्टेंबर पाहुणा नसला तरी खोली जिवंत ठेवावी लागते. दहा दिवस दार उघडले नाही तर गादीच्या कडांना आणि प्लायवुडच्या कपाटाच्या आतल्या बाजूला बुरशी धरते. चादरी वाळत नाहीत, आणि अर्धवट वाळवून घड्या घातलेल्या चादरीचा वास ऑक्टोबरातल्या पहिल्या पाहुण्याला बरोबर येतो. समुद्रापासून शंभर-दीडशे मीटरवर एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी खारी हवा खाऊन टाकते. शहरात ते जितकी वर्षे टिकते तितकी येथे टिकेल असे धरूच नका. लोखंडी ग्रीलपेक्षा लाकडी गज, प्लायपेक्षा फणसाचे किंवा आइनाचे लाकूड, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीपेक्षा जुन्या पद्धतीची झडपांची खिडकी दीर्घकाळात स्वस्त पडते. आपल्या जुन्या घरात यांपैकी बरेच आधीच असेल.

आता परवानगीकडे वळू, कारण देवबागच्या बाबतीत पैशांआधी ती आडवी येणार आहे. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. सागरी किनारा नियमन क्षेत्राची 2019 ची अधिसूचना दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्याला भरतीरेषेपासून 50 मीटर आणि विरळ वस्तीच्या किनाऱ्याला 200 मीटर ना-विकास पट्टा लावते. दाट म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक लोकसंख्या. खाडी-नदीच्या बाजूने वेगळे अंतर मोजले जाते. दोन्हीकडून अंतरे टाकली की अशा पट्टीवर नवे पक्के बांधकाम बसायला फारच थोडी जागा उरते. त्यातही मालवण किनाऱ्याचा समावेश अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहे आणि 1987 पासून येथे सागरी अभयारण्यही आहे. म्हणून मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला गट क्रमांक कुठे पडतो हे पाहिल्याशिवाय वास्तुविशारदाला एक रुपयाही देऊ नका. शेजाऱ्याने बांधले आहे, हा पुरावा होत नाही. शेजाऱ्याला नोटीस आलेली असू शकते आणि ती तो आपल्याला दाखवणार नाही.

याच अधिसूचनेत आपल्या कामाची एक तरतूद मात्र आहे, जिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. मच्छीमारांसह स्थानिक रहिवाशांना, घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता, असलेल्या घरात पाहुणे ठेवता येतात. म्हणजे बागेत जे रिसॉर्ट आपण मनात बांधले आहे ते कायद्याच्या दृष्टीने कठीण, आणि ओटी-पडवीचे जे घर आपल्याला कदाचित अपुरे वाटते ते कायद्याच्या दृष्टीने सोपे आहे. धोरणातली ही बहुधा एकच जागा आहे जिथे मोठ्यापेक्षा लहान माणसाला वाट मोकळी ठेवलेली आहे. ती सोडून बंद दरवाजावर धडका कशासाठी द्यायच्या?

परवानग्यांबद्दल लोक लालफितीची तक्रार करतात आणि ती खरी आहे, पण तिचे नेमके स्वरूप समजून घेणे उपयोगाचे आहे. पर्यटन संचालनालय व पर्यटन विकास महामंडळ जाहिरात करतात, नोंदणी देतात, काही ठिकाणी स्वतः निवास चालवतात. जमिनीचा वापर महसूल खात्याकडे, बांधकाम परवानगी नियोजन प्राधिकरणाकडे, किनारा राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, होड्या सागरी मंडळाकडे, कांदळवन वनखात्याकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, कचरा आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे. ज्या खात्याच्या नावावर जिल्हा ओळखला जातो त्या खात्याच्या हातात पर्यटकाला लागणारी एकही गोष्ट पूर्णपणे नाही. त्यामुळे घोषणा एका टेबलावर होते आणि अंमलबजावणी आठ टेबलांवर अडते. 2020 मध्ये राज्याने समुद्रकिनारी शॅक धोरण आणले, आठ किनाऱ्यांपैकी तारकर्ली आणि कुणकेश्वर आपल्या जिल्ह्यातले, आणि 80 टक्के शॅक स्थानिकांना द्यायचे ठरले. कल्पना चांगली होती. परंतु किनाऱ्यावरची तात्पुरती झोपडीसुद्धा उभी राहायची तर पाणी, शौचालय, सांडपाणी आणि कचरा उचलणारी गाडी आधी लागते, आणि ती पुरवणारी यंत्रणा गावाच्या लोकसंख्येला मोजून बसवलेली असते, मे महिन्यातल्या पाहुण्यांना मोजून नाही. ग्रामपंचायतीचे उत्पन्न घरपट्टीवर आणि बोजा गर्दीवर, हा विजोड मेळ सुटल्याशिवाय कोणतेही किनारी धोरण कागदावरच राहील असे माझे मत आहे.

पाण्याचे उदाहरण घ्या. वाळूच्या पट्टीवर गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. घरगुती उपशाला तो पुरतो. आठ खोल्यांना, प्रत्येकी तीन-चार माणसे, समुद्रातून आल्यावर दोनदा आंघोळ, वर चादरी-टॉवेल, असा मोटर लावून उपसा सुरू झाला की मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाणी मचूळ लागायला लागते, आणि तेही फक्त आपल्या विहिरीचे नव्हे, शेजाऱ्याच्याही. त्याच वाळूत दहा-पंधरा मीटरवर शौचालयाचा शोषखड्डा असेल तर पुढचे सांगायला नको. आपण निर्णय घेण्यापूर्वी येत्या मे महिन्याच्या शेवटी विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्षार आणि जंतू दोन्ही. तो अहवाल बँकेच्या प्रकल्प अहवालापेक्षा खरे बोलेल. सांडपाण्यासाठी बंद टाकी आणि त्यापुढे केळी-कर्दळीचा वाफा ही साधी व्यवस्था तीन खोल्यांना पुरते. आठ खोल्यांना ती पुरत नाही.

किनारा आपल्या आधीपासून कोणाचा तरी कामाचा पट्टा आहे, हेही विसरता कामा नये. पहाटे रापण लागते तेव्हा होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांत माणसे उभी राहून ती ओढतात. त्यासाठी वाळूचा लांबलचक पट्टा तासन्‌तास मोकळा लागतो. त्याच पट्ट्यात खुर्च्या-छत्र्या मांडल्या, किंवा जेटस्की दोरांच्या आतून गेली, की भांडण होते, आणि त्या भांडणात मला मच्छीमारांचीच बाजू पटते. पर्ससीनच्या, म्हणजे यांत्रिक नौकांवरच्या मोठ्या घेर-जाळ्यांनी पारंपरिक मच्छीमाराचे उत्पन्न आधीच ओढले आहे; त्यांच्यातल्या अनेक तरुणांनी होडीला इंजिन लावून पर्यटक न्यायला सुरुवात केली ती हौसेने नव्हे. म्हणजे एकाच घरात बाप रापणीच्या बाजूने आणि मुलगा जलक्रीडेच्या बाजूने, अशी स्थिती आहे. आपण गावात निवास काढाल तेव्हा मासळी रापणीवरून थेट घ्या, पाहुण्यांना सकाळी रापण पाहायला न्या, हवे तर दोर ओढायला लावा. पाहुण्याला त्याचे अप्रूप वाटते आणि गावात आपला शब्द राहतो. ज्यांचे गावाशी बिघडले त्यांचे परवाने असूनही धंदे बसलेले मी पाहिले आहेत.

जलक्रीडेचा मुद्दा मी लांबवत नाही, पण टाळताही येत नाही. स्कूबामुळे मालवणचे नाव देशभर झाले. तारकर्लीला महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पण उथळ पाण्यातल्या अर्ध्या तासाच्या डुबकीचा धंदा दर पाडण्याच्या शर्यतीत गेला, आणि दर पडला की आधी कात्री लागते ती जॅकेट, प्रशिक्षित माणूस आणि होडीतली माणसांची संख्या यांना. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी नौका उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. अशा घटनेनंतर काही दिवस सगळेच बंद होते, नियम पाळणाऱ्याचेही. निवासवाल्याचे यात काय काम, असे आपण म्हणाल. पाहुणा आपल्याला विचारतो, कोणाकडे जाऊ? आपण ज्याचे नाव सांगू त्याची जबाबदारी नैतिकदृष्ट्या आपल्यावर येते, आणि कमिशन घेत असाल तर वाद न्यायालयात गेल्यावर केवळ नैतिकही राहणार नाही. म्हणून होडीची नोंदणी, विमा आणि प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र स्वतः पाहिल्याशिवाय कोणाचेही नाव सांगू नये, आणि प्रवासी संख्या ओलांडणाऱ्याकडे पाहुणा पाठवू नये, मग तो सख्खा चुलतभाऊ असला तरी.

दळणवळणाने चित्र बदलेल अशी आशा प्रत्येक पिढीने धरली आहे. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि तिने खरोखरच बदल केला. पण मार्ग अजून बहुतांशी एकेरी आहे आणि सुट्यांची आरक्षणे खिडकी उघडताच संपतात. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. आपल्या जिल्ह्यातला भाग बऱ्यापैकी झाला तरी पनवेलपासून पुढच्या रखडलेल्या टप्प्यांनी पाहुण्याचा अर्धा दिवस आणि सगळा उत्साह खाल्ला. जिल्ह्यातला चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, उडान योजनेतली मुंबईची सेवा तीन वर्षांची मुदत संपताच 2024 च्या ऑक्टोबरात थांबली. तोवर जानेवारी 2023 पासून उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ चालू झाला होता, आणि सावंतवाडी-बांदा-शिरोडा या पट्ट्याला तोच सोयीचा पडतो. मोपाला उतरणारा पाहुणा उत्तरेला वळतो की दक्षिणेला, हा आपल्या जिल्ह्याचा येत्या काळातला मोठा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फलकांवर आणि टॅक्सीच्या दरांवर अवलंबून आहे. परंतु देवबागसाठी आज हिशेब करताना पाहुणा स्वतःच्या गाडीने येणार असेच धरा. याचा व्यावहारिक अर्थ असा की प्रत्येक खोलीमागे एक गाडी उभी राहणार. आपल्या पाणंदीतून समोरासमोर दोन गाड्या निघतात का, आणि आठ गाड्या कुठे लावणार?

मोठ्या प्रकल्पांच्या वाट पाहण्यावरही धंदा बांधू नका. शिरोड्याजवळ वेळागरला पंचतारांकित हॉटेलासाठी नव्वदच्या दशकात जमीन संपादित झाली आणि पुढची कित्येक वर्षे मोबदला, विरोध आणि वाटाघाटींत गेली. निवती रॉकजवळ पाणबुडीतून समुद्रतळ दाखवण्याची योजना जाहीर झाली. आता निवृत्त युद्धनौका गुलदार तेथे बुडवून सागरतळाचे संग्रहालय करण्याचे काम हाती घेतले आहे. ते झाले तर आनंदच आहे, पाहुणा एक रात्र जास्त राहील. पण त्या एका रात्रीवर आज हप्ता काढू नये.

आता तीन खोल्यांचा मार्ग. आईच्या नावावर व्यवसाय नोंदवता येत असेल आणि चालवणाऱ्याही त्याच असतील, तर राज्याच्या 2023 च्या आई या महिला पर्यटन धोरणाखाली 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे, त्याला एकूण रकमेची व मुदतीची मर्यादा आहे. कर्ज बँकेने नेहमीच्या निकषांवर मंजूर करायचे असते, आणि हप्ता वेळेवर भरला तरच व्याज परत येते. म्हणजे हे अनुदान शिस्तीला मिळते, अर्जाला नाही. पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारी म्हणून नोंदणी केल्यास घरगुती वीजदर मागायला आधार मिळतो. तरी महावितरणच्या स्थानिक कार्यालयाकडून लेखी घ्या, कारण तोंडी आश्वासन पुढच्या अभियंत्याला बांधील नसते. अन्नसुरक्षा नोंदणी स्वयंपाक देणाऱ्या प्रत्येकाला हवी. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत ऑनलाइन माहिती देणे बंधनकारक आहे, आणि हे अनिवासी भारतीयांच्या परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलांनाही लागू होते, जे गावात नेहमी विसरले जाते.

जीएसटीचे गणित येथे आपल्या बाजूने आहे. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. प्लॅटफॉर्मवरून आलेल्या अशा निवासाच्या आरक्षणावरचा कर प्लॅटफॉर्मच भरतो. तीन खोल्या, त्याच 110 रात्री, 2200 सरासरी, म्हणजे सव्वासात लाख. घरचे माणूस चालवत असेल तर खर्च अडीच-तीन लाख, 10 लाखांच्या कर्जाचा हप्ता वर्षाला एक लाख साठ हजारांच्या आसपास. हातात अडीच लाखांच्या वर राहतात आणि शिवाय घराचे छप्पर दुरुस्त झालेले असते. वरच्या आठ खोल्या मात्र 2500 च्या सरासरीने 20 लाखांची रेषा ओलांडतात. खोलीचे भाडे 7500 च्या आत असल्याने सप्टेंबर 2025 पासून कर 5 टक्के आहे, पण बांधकाम आणि सामानावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, हे प्रकल्प अहवालात कोणी लिहीत नाही.

मनुष्यबळाबद्दल एकच सांगतो. आपली गर्दी आणि हापूसचा हंगाम एकाच वेळी येतात. मे महिन्यात आंबाकाढणी, पेट्या भरणे, बागांची राखण यांसाठी माणूस मिळत नाही, नेपाळहून आलेले कामगारही बागांत अडकलेले असतात, आणि हॉटेलकाम शिकलेला गावचा मुलगा गोव्यात असतो. पुण्यातून फोनवर रिसॉर्ट चालवण्याची कल्पना नेमकी येथे कोलमडते. सातबारावर चुलत्यांची नावे असतील तर त्यांच्यापैकी जे गावात राहतात त्यांना भागीदार करण्याचा विचार करा. सहहिस्सेदारांची संमती बांधकामाला आणि कर्जाला लागणारच आहे, ती हिस्सा देऊन मिळवलेली संमती भांडणात टिकते.

रात्री वाढवायच्या असतील तर त्या ऑफसीझनमध्ये आणि मधल्या वारी शोधाव्या लागतील, आणि त्याला बांधकाम लागत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. भांडवल थोडे, ज्ञान त्यांचे स्वतःचे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासवांच्या पिल्लांच्या हंगामात लोक साध्या घरांत राहतात आणि त्या घरांत एसी नाही म्हणून कोणी परत जात नाही. पावसाळ्यात आंबोलीला धबधब्याखाली शनिवार-रविवारी चेंगराचेंगरी असते, पण बेडूक, साप, आमऱ्या (ऑर्किड) पाहायला येणारा अभ्यासू पाहुणा मंगळवारीही येतो आणि तीन दिवस राहतो. देवबागच्या घरात जुलैमध्ये असा पाहुणा, किंवा पिंगुळीची चित्रकथी, दशावतार, लावणी-कापणी यांत रस असलेले कुटुंब आले, तर दर कमी ठेवूनही परवडते, कारण खोली तशीही उघडी ठेवायचीच आहे. जेवणही हंगामाप्रमाणे द्या: मासेमारीबंदीच्या जून-जुलैत सुरमईचा आग्रह धरणाऱ्या पाहुण्याला शीतपेटीतली मासळी वाढण्यापेक्षा सुक्या बांगड्याचे तिखले, शेवग्याच्या पाल्याची भाजी, फणसाच्या आठळ्या आणि घावणे वाढलेले बरे. समाजमाध्यमांवर छायाचित्रे त्याचीच जास्त फिरतात.

माझे मत कधी बदलेल तेही सांगून ठेवतो. तीन खोल्या दोन हंगाम चालवून आपल्या 110 ऐवजी 170-180 रात्री भरू लागल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक पाहुणे प्लॅटफॉर्मविना, थेट फोनवर किंवा जुन्या पाहुण्यांच्या सांगण्यावरून येऊ लागले, दोन्ही मे महिन्यांत विहीर गोडी राहिली आणि नकाशावर बागेचा काही भाग ना-विकास पट्ट्याबाहेर असल्याचे लेखी मिळाले, तर आणखी दोन-तीन खोल्यांचा विचार मी स्वतः आपल्याबरोबर बसून करीन, तोही निम्मे भांडवल पदरचे असेल तर. यांतली विहिरीची किंवा नकाशाची अट पुरी झाली नाही तर बाकी सर्व जुळूनही मी नको म्हणेन. आपल्या गटाचा सातबारा, फेरफार आणि घराच्या घरपट्टीचा जुना उतारा आपल्याकडे आहे का ते पाहा. घर किती सालापासून अस्तित्वात आहे हे त्या उताऱ्यावरून ठरते, आणि पाहुणे ठेवण्याची किनारा नियमांतली मुभा असलेल्या घरालाच आहे.